आधी चढायचं, मग उतरायचं

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी टपालातले बहुतेक प्रश्न मेट्रो स्थानकांबद्दल होते.

प्रश्न : ठाण्याच्या वर्तुळाकार मेट्रोची काही स्थानकं जमिनीखाली होणार आहेत. आमच्या गल्लीत दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साठतं. ते खाली स्थानकात उतरणार नाही का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : उतरू शकतं. ते अडवायचं असतं दारातच. पंपाच्या भरवशावर राहून चालत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजूर केलेल्या या २९ किलोमीटरच्या मार्गावर २२ स्थानकं आहेत. त्यांतली २० उन्नत आणि २ भुयारी. पाण्याची खरी चिंता या दोनचीच.

भुयारी स्थानकात शिरताना आधी तीन-चार पायऱ्या चढाव्या लागतात आणि मग खाली उतरायचं असतं. गुडघे दुखणाऱ्याला हा निव्वळ छळ वाटतो, पण पाण्याविरुद्धचा खरा बंदोबस्त तोच. दाराचं जोतं त्या भागातल्या पुराच्या सर्वांत उंच पातळीच्याही वर घेतात. त्यावर दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या खाचा ठेवतात आणि वेळ आलीच तर त्यांत अॅल्युमिनियमच्या फळ्या एकावर एक सरकवतात. फळ्या ऐन वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या कोठारात कुलूपबंद सापडल्या किंवा खाचेत माती बसलेली असली, की सगळी योजना कागदावरच राहते. म्हणून जूनच्या आधी एकदा फळ्या प्रत्यक्ष बसवून बघायला हव्यात.

नुसती जिन्याची तोंडं उंच करूनही भागत नाही. लिफ्टचं दार, हवा आत-बाहेर करणाऱ्या झडपा, केबलचे पाइप, शेजारच्या इमारतीच्या तळघरातून काढलेली वाट, या सगळ्यांची पातळी तीच हवी. दहा दारं उंच आणि अकरावं खाली असेल, तर पाणी अकराव्यातूनच येणार. खालच्या खड्ड्यातले पंप झिरपलेलं आणि जिन्यावरून ओघळलेलं पाणी उपसण्यापुरते असतात; रस्त्याचा लोंढा त्यांच्या आवाक्यातला नाही.

सर्वांत कच्चा दुवा म्हणजे अर्धवट बांधलेलं दार. मुंबईच्या मेट्रो ३ वरचं आचार्य अत्रे चौक स्थानक १० मे २०२५ ला सुरू झालं आणि २६ मे रोजी, काम चालू असलेल्या प्रवेशद्वाराकडची पाणी अडवणारी भिंत कोसळून पाणी आत घुसलं. ठाण्यात स्थानक टप्प्याटप्प्याने सुरू होणार असेल, तर न उघडलेल्या दारांवर पावसाळ्याआधी पक्की काँक्रीटची भिंत असेल का, हे आतापासूनच विचारून ठेवा.

आता या उंच जोत्याची किंमत. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ ला १२ लागतो. जोतं ४५ सेंटिमीटर असेल तर उतार ५.४ मीटर लांब. ९० सेंटिमीटर असेल तर १०.८ मीटर, शिवाय मध्ये विसावा. नौपाड्याच्या पदपथावर एवढी जागा काढली तर चालणाऱ्याला रस्त्यावर उतरावं लागेल. मग एक तर उतार जास्त तीव्र करतात, म्हणजे तो फक्त नावापुरता उरतो, नाही तर लिफ्टपाशी जोतंच खाली आणतात. दुसरी चूक अधिक घातक. उतार रस्त्याला समांतर, स्थानकाच्या स्वतःच्या जागेत बसवणं हाच त्यावर इलाज आहे आणि तो नकाशावरच होतो. काँक्रीट पडल्यावर काही हलत नाही.

प्रश्न : मेट्रो स्थानकातली स्वच्छतागृहं नवी असूनही वास का मारतात? आणि काही ठिकाणी कायम बंद का? (एक वाचक, खारघर)

उत्तर : तुमच्याकडच्या नवी मुंबई मेट्रोच्या बेलापूर ते पेंधर मार्गावरची अकराही स्थानकं उन्नत आहेत, त्यामुळे तिथलं सांडपाणी आपल्या उताराने खालच्या गटारात जातं. भुयारी स्थानकात उलटं असतं. शौचालय पालिकेच्या मलवाहिनीपेक्षा खाली, म्हणून घाण आधी टाकीत आणि तिथून पंपाने वर. दोन पंप असतात, एक चालू आणि एक राखीव. सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या, प्लास्टिक पंपाच्या पात्यात अडकतं. कधी टाकीतला तरंगता गोळा चिकटून बसतो आणि पंपाला चालू व्हायचा निरोपच मिळत नाही. दोन्ही पंप एकदम बसले की दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’. त्यामुळे प्रत्येक कप्प्यात झाकणाची कचरापेटी ही चैनीची वस्तू नाही, पंपाचा विमा आहे.

वासाचं कारण मात्र उन्नत स्थानकातही बहुधा फरशीतल्या जाळीखालचा ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारा नळाचा वाकडा भाग, हेच असतं. त्यात साधारण पाच सेंटिमीटर पाणी उभं राहतं आणि ते गटारातून येणाऱ्या वायूला अडवतं. फरशी कोरड्या पोछ्याने पुसली, वर पंखा सतत हवा ओढत राहिला, की हे पाणी काही दिवसांत आटतं आणि गटार थेट खोलीत उघडतं. फिनेल ओतून वास झाकला जातो, थांबत नाही. रोज रात्री प्रत्येक जाळीत तांब्याभर साधं पाणी ओतायचं, एवढंच काम.

अपंगांच्या शौचालयाचंही बघा. आत किमान २.२ × २ मीटर जागा, ९० सेंटिमीटरचं दार, आणि ते बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्यालाच अडतं. एवढी ऐसपैस खोली दिसली, की झाडू-बादल्या हटकून तिथेच मुक्कामाला येतात. तसं दिसलं तर स्थानक नियंत्रकाकडे तक्रार नोंदवा.

प्रश्न : पिवळ्या खडबडीत फरशांवर रेघा आणि ठिपके वेगवेगळे का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : या फरशा अंध प्रवाशांना पायाने किंवा काठीने वाट कळावी म्हणून असतात. रेघा म्हणजे ‘या दिशेने चला’, ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे जिना, वळण किंवा फलाटाची कड आहे’. फरशी ३०० × ३०० मिलिमीटरची, आणि ठिपक्यांची ओळ जिन्याच्या पहिल्या पायरीच्या ३०० मिलिमीटर आधी. नेहमीची चूक म्हणजे पट्टा तपासणीच्या टेबलाखाली जाऊन संपणं. दुसरी म्हणजे गुळगुळीत स्टीलच्या चकत्या. ओल्या चपलेने त्यांवरून पाय घसरतो.

प्रश्न : पावसात बाहेरचा सरकता जिनाच आधी का बंद पडतो? (एक वाचक, बेलापूर)

उत्तर : बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो, स्वतःहून थांबलेला असतो. खालच्या खड्ड्यात पाणी चढलं की संवेदक वीज तोडतो, आणि ते बरंच आहे. खड्ड्याचा निचरा पानांनी तुंबलेला असतो किंवा वरचं छप्पर आखूड पडतं. तिरका पाऊस कोकणातला, छप्पर मात्र सरळ पडणाऱ्या पावसाच्या हिशेबाचं.