ग्रेव्हरची धार: तोंड घासता, टाच कोण बघणार?

दागिन्यात खडे बसवायच्या हाती ग्रेव्हरबद्दल, म्हणजे सोनं कोरायच्या मूठवाल्या टोकदार हत्याराबद्दल, सांगली-साताऱ्याकडून तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून यावेळी एकत्र उत्तरं.

नवा ग्रेव्हर पाकिटातून काढून लगेच वापरता येतो का? (मिरज)

नाही. कारखाना फक्त आकार देतो. लांबी आणि धार ज्याची त्याने करायची. मूठ तळहातात धरल्यावर टोक अंगठ्यापुढे दोन-अडीच सेंटिमीटर राहील एवढं ठेवा आणि जादा लांबी मुठीकडच्या बाजूने कमी करा. पहिल्यांदा करताना कुणा जुन्या कारागिराला शेजारी बसवा.

ग्राइंडरवर टोक निळं पडलं. शेजारचे म्हणतात, लाल करून पाण्यात बुचकळ. करू का? (विटा)

पोलाद कोणतं ते प्रश्नात नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून. साधं कार्बन पोलाद असेल तर निळा रंग म्हणजे सुमारे 300 अंश सेल्सिअस. टोकाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. निळा भाग पुरता जाईपर्यंत घासा. घासताना टोक बोटाला सोसवेना झालं की लगेच पाण्यात बुडवा. हायस्पीड पोलाद (उष्णता सोसणारं मिश्र पोलाद) असेल तर काही बिघडलेलं नाही. ते 500 अंशांपर्यंत कडकपणा सोडत नाही.

शेजाऱ्यांचा सल्ला अर्धवट आहे. कार्बन पोलाद लाल करून विझवलं की काचेसारखं ठिसूळ होतं. नंतर ते पुन्हा हलकं तापवून फिकट पिवळ्या रंगावर आणावं लागतं, हे सांगायला सगळे विसरतात. हायस्पीडला तर 1200 अंशांच्या आसपासची भट्टी लागते, ते दुकानातल्या फुंकणीचं काम नव्हे. पोलाद ओळखता येत नसेल तर कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या टूलरूमवाल्याला, म्हणजे हत्यारं बनवणाऱ्याला, ग्राइंडरवर ठिणग्या पाडून दाखवा. कार्बन पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या आणि फुटणाऱ्या, हायस्पीडच्या मंद, तांबूस. त्याला पाहताक्षणी कळेल.

22 कॅरेटच्या अंगठीत ब्राइट कट घेतो, पण तो फिका आणि रेघारेघांचा येतो. पॉलिशवाला म्हणतो बफ मार, चमकेल. (तासगाव)

बफ, म्हणजे फिरत्या कापडी चाकाची पॉलिश, मारू नका. ब्राइट कट म्हणजे ग्रेव्हरने घेतलेला आरशासारखा चकचकीत काप. कटाची कड गोल झाली की ब्राइट कट संपला, उरतो नुसता खड्डा. चमक बफातून येत नाही, ती ग्रेव्हरच्या टाचेतून येते. टाच म्हणजे टोकाखालचा तो अगदी छोटा सपाट कोन. कट मारताना ती सोन्यावरून सरकते आणि स्वतःचा ठसा सोडत जाते. टाचेवर दगडाच्या रेघा असतील तर त्याच रेघा सोन्यात उमटतात. दहापैकी नऊ जण तोंड, म्हणजे टोकाची पुढची तिरपी बाजू, आरशासारखं करतात आणि टाचेला हातच लावत नाहीत.

सपाट ग्रेव्हरचं तोंड 45 अंशांवर घासा. आधी 600 ग्रिटची (दाण्याची) हिऱ्याची प्लेट, मग जास्त बारीक 1200 ची. तोंडाची वरची मागची बाजू उतरवून टाकली तर घासायला थोडाच भाग उरतो आणि वेळ वाचतो. मग ग्रेव्हर उलटा करून टाच 15 अंशांवर लावा. टाच नेहमी स्वतःकडे ओढत घासायची. पुढे ढकललं तर टोक प्लेटमध्ये रुततं. 1200 वर तीन-चार हलके हात पुरेत. शेवटी सिरॅमिक लॅपवर (पॉलिशच्या कडक चकतीवर) अर्ध्या मायक्रॉनची हिऱ्याची पेस्ट लावून दोन हात. चामड्यावर नको, चामडं दबतं आणि धार गोल करतं. मग टोक कडक लाकडात एकदा टोचा, लोंबणारी बारीक कड निघून जाते.

टाचेची लांबी अर्ध्या मिलिमीटरच्या आत ठेवा. लांब टाच अंगठीच्या गोलाईवर मागून घासते आणि कटाची भिंत खरवडते. टाचच नसेल तर टोक खाली घुसतं, वर येत नाही, आणि हात उचलावा तर मूठ कामाला टेकते.

22 कॅरेट मऊ असतं, टोकाला चिकटतं. पातळ तेलात भिजवलेला कापसाचा बोळा शेजारी ठेवा आणि प्रत्येक कटाआधी टोक त्यात टेकवा. एवढं करूनही रेघा आल्या तर ग्रेव्हर आणि कट घेतलेला तांब्याचा पत्रा दोन्ही घेऊन जाणत्या सेटरकडे (खडे बसवणाऱ्याकडे) जा. फोटोवरून टाच कळत नाही.

ऑइल स्टोनवर खोबरेल चालेल का? (कराड)

नाही. थंडीत गोठतं आणि दगडाची छिद्रं बुजवतं. शिलाई मशीनचं तेल घ्या.

कार्बाइडच्या ग्रेव्हरला आयुष्यभर धार लावावी लागत नाही, असं विक्रेता सांगतो. माझं टोक मात्र दोनदा उडालं. (सराफ कट्टा, सांगली)

विक्रेता माल विकतोय. कार्बाइड म्हणजे टंगस्टनचं अतिकडक संयुग. त्याची धार जास्त टिकते, पण ते ठिसूळ आहे, आडवा दाब आला की टोक तुटतं. 45 ऐवजी 50 ते 55 अंशांचं तोंड द्या. साध्या एमरीच्या दगडावर ते घासलंच जात नाही, हिराच लागतो. शिवाय कार्बाइड पाचूला ओरखडा पाडू शकतं. पोवळं आणि मोती इतके मऊ की साधं पोलादही त्यांना ओरखडतं. गिऱ्हाइकाचा खडा असेल तर आधी तो कोणता आहे हे पारखून घ्या, मग हत्यार निवडा.

धार आठवड्यातून एकदा लावली तर पुरते ना? परवा हात सटकून टोक तळहातात गेलं. (इस्लामपूर)

हात सटकला तो याच आठवड्याच्या हिशेबामुळे. बोथट टोकाला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेलं टोक सुटलं की खड्यावर जातं नाहीतर हातात. वार बघून धार लावायची नसते, टोक बघून लावायची. अंगठ्याच्या नखावर टोक हलकं टेकवा, अडकलं तर ठीक, घसरलं तर उठा आणि धार लावा. दहापट भिंगाखाली कडेवर पांढरी रेघ चमकली तरी तेच.

हाताचं मात्र वाट बघण्यासारखं नाही. जखम लहान दिसली तरी टोक खोल गेलेलं असतं. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आजच डॉक्टरांना विचारा. बोट नीट वाकत नसेल किंवा टोकाकडे बधिर वाटत असेल तर हळद लावून बसू नका, आजच मिरजेला हाताच्या सर्जनना दाखवा.