भावाशी बोलायचंय, पण वाटणीच आडवी येते

निपाणीकडच्या एका ताईंनी विचारलंय: "वडील गेल्यापासून धाकट्या भावाशी बोलणं नाही. त्यानं हक्कसोडपत्रावर सही मागितली, मी दिली नाही. आता सणालाही फोन येत नाही. मला भाऊ हवाय आणि सहीही करायची नाही. यातलं एक सोडावंच लागेल का?"

नाही, सोडावं लागणार नाही. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात हा प्रश्न माझ्याकडे इतक्या घरांतून येतो, की आता समोरचं माणूस "आमच्यात जमिनीवरून..." म्हणालं की मी आधी विचारते, "जमिनीच्या आधी काय झालं होतं?" याला कारण झालेली एक केस सांगते. घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

बहीण मोठी, लग्न १९९४ च्या आधीचं, सासर घाटप्रभेकाठी. भाऊ खानापूर तालुक्यात नंदगडच्या बाजूला वडिलोपार्जित भातशेती करतो. आई त्याच्याकडेच. आप्पा गेल्यावर वर्षभरात वकिलाच्या माणसाकरवी हक्कसोडाचा कागद आला आणि बोलणं थांबलं. भावाचं म्हणणं, "तिच्या लग्नात आप्पांनी कर्ज काढलं, आता आणि काय?" बहिणीचं म्हणणं, "मागितलं असतं तर दिलंही असतं."

कायद्याचं आधी सांगते, कारण अपुऱ्या माहितीवर भांडणं जास्त वाढतात. कर्नाटकात मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबरीनं हक्क १९९४ लाच मिळाला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. हीच गोष्ट गावोगाव डोक्यात बसली आहे. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली, आणि वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत असंही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र एकदा नोंदणी झालं की ते मागे घेणं फार अवघड. म्हणून माया परत मिळावी म्हणून सही करू नका. अशी सही केलेल्या बहिणी माझ्याकडे आल्या आहेत. माहेर तर परत मिळालं नाहीच, वर मनात सल राहिला.

मी दोघांना एकत्र बसवलं नाही. समोरासमोर खुर्च्या मांडल्या की दोघंही पुरावे काढतात. त्याऐवजी म्हटलं, एक दिवस दोघंच कुठंतरी जाऊन या. वहिनी नको, दाजी नकोत, पोरं नकोत. जमिनीवर त्या दिवशी बोलायचं नाही, मात्र ते कधी बोलायचं याची तारीख निघण्याआधीच ठरवायची. ही तारीख महत्त्वाची. ती नसली तर बहिणीला वाटतं आपल्याला गोड बोलून गुंडाळतायत, आणि भाऊ दिवसभर तोच विषय कधी निघतोय याची वाट बघत राहतो.

भाऊ तिला कारनं घ्यायला आला. बेळगावपर्यंत रस्ता, ऊस आणि पाऊस एवढंच बोलणं झालं. खानापुरात आप्पांची जुनी मोटारसायकल गॅरेजमध्ये दुरुस्तीला होती, ती गावी न्यायची होती. कार एका पाहुण्यांच्या दारात लावली, मेस्त्रीशी कन्नडमध्ये हिशेब केला, आणि भाऊ दुसरं हेल्मेट पुढं करत म्हणाला, "बस की आक्का, काय बघालीस?"

खानापूर काही फार मोठं नाही, पण बाजारातनं गाडी चालवायची तर दर चार पावलांवर ब्रेक. त्यात हेल्मेट. एक वाक्य दोनदा ओरडून सांगायचं. टोमणा दोनदा ओरडून मारता येत नाही, हे मला त्या दोघांकडून कळलं. कुंभारांची मडकी मांडलेली दिसली तसं ती म्हणाली, "आप्पा मला हायस्कूलला सोडताना इथंच थांबायचे." भाऊ बराच वेळ गप्प. मग मलप्रभेच्या पुलावर रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाला, "मला कधी सोडलं नाहीत. मी सायकलनं गेलो."

गाडीवर एकमेकांचं तोंड दिसत नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी मागच्याला कळत नाही, पुढच्याला वळून बघता येत नाही. ज्या पुरुषांना घरात बसून मनातलं सांगायची सवय नाही, ते गाडी चालवताना, बांधावरून चालताना, भात मळताना सांगतात. म्हणूनच मी खोलीबाहेरची भेट सुचवते.

नंदगडला, इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना १८३१ मध्ये जिथं फाशी दिलं, तिथं लहानपणी दोघं शाळेतनं गेलेली. तिथं उतरून त्यांनी चहा घेतला आणि खरं ते तिथं निघालं. आप्पा शेवटचे काही महिने अंथरुणावर होते. रात्री उठवणं, कूस बदलणं, चादर बदलणं, सगळं त्यानं आणि त्याच्या बायकोनं केलं. आक्का यायची, दोन दिवस राहायची, आणि आप्पा आल्यागेल्याला सांगायचे, "माझी लेक आली बघा." तो म्हणाला, "मी रोज तिथंच होतो, आक्का. माझं नाव कुणी घेतलं नाही." आणि ती म्हणाली, "कागद परक्याच्या हातनं का धाडलास? तू आला असतास तर मी जेवायला वाढलं असतं."

त्याला केलेल्या सेवेची पावती हवी होती. तिला मागायला आलेला भाऊ हवा होता. दोघांनीही ते जमिनीच्या भाषेत मागितलं, म्हणून ते कुणालाच मिळालं नाही. माझं ठाम मत आहे की सेवा आणि हक्क हे दोन वेगळे हिशेब आहेत. ज्यानं आईबापाचं केलं त्याचं ऋण बहिणीनं बोलून, आणि जमेल तसं करून, मान्य करायला हवं. पण ते ऋण तिच्या वाट्यातून परस्पर वळतं करून घ्यायचा अधिकार भावाला नाही.

ठरलेल्या तारखेला ते वकिलाकडे बसले. तेव्हाही आवाज चढलेच. उताऱ्यावर तिघांची नावं लागली, शेत भाऊच कसतो, वर्षाला ठरलेलं भात आक्काकडे जातं. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा आक्का येऊन राहिली, आणि भाऊ-भावजय चार दिवस पाहुण्यांकडे जाऊन आली.

ताई, तुमचा भाऊ धमकावत असेल, हात उगारत असेल, तर यातलं काही करू नका. आधी वकील, आणि भेट चार माणसांत. तसं नसेल तर फोन तुम्ही करा. "इतके दिवस फोन का नाही केलास" असं विचारू नका. वडिलांचे शेवटचे दिवस त्यानं कसे काढले ते विचारा आणि तो बोलत असताना मध्ये काही म्हणू नका. त्यानं सहीचा विषय काढलाच तर एवढंच सांगा: "त्यावर बसून बोलू, तारीख तूच सांग. त्याच्या आधी एक दिवस मला गाडीवरनं फिरवून आण."