फर्ग्युसनच्या जुन्या राखाडी ट्रॅक्टरचं मॉडेल: नवीन डायकास्ट घ्यावं की जुनं प्लॅस्टिकचं?

तुम्ही विचारलंय की फर्ग्युसन टीई-२० चं एकच मॉडेल घ्यायचं असेल तर ऑनलाइन दिसणारं जुनं प्लॅस्टिकचं घ्यावं की हल्लीचं डायकास्ट, आणि घेताना फोटोत काय बघावं. माझं मत सरळ आहे, पहिलं मॉडेल १:१६ स्केलचं (खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढं) नवीन डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, घ्या आणि सगळ्यात आधी त्याची मागची बाजू बघा. विकणारे बहुतेक वेळा पुढून आणि बाजूने काढलेले फोटो टाकतात, मागच्या बाजूचा नसेल तर विकणाऱ्याकडून मागवून घ्या, तो आल्याशिवाय पैसे भरू नका.

मागची बाजू यासाठी की हा ट्रॅक्टर ज्याच्या नावाचा आहे त्या हॅरी फर्ग्युसनची सगळी करामत तिथेच आहे. त्याच्या आधी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता अडकवून ओढत न्यायचे, आणि फाळ जमिनीतल्या एखाद्या दगडात अडकला की चाकं जोर लावत राहायची, ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जायचं आणि अख्खा ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचा, जीव गेलेत लोकांचे असे. फर्ग्युसनने खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरलाच बसवला. वरच्या दांडीला टॉप लिंक म्हणतात, नांगरावर ताण आला की ती पुढे रेटली जाते, त्याने ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवर दाबून राहतात आणि शिवाय तोच रेटा हायड्रॉलिकपर्यंत (तेलाच्या दाबावर नांगर उचलणाऱ्या यंत्रणेपर्यंत) पोचतो आणि नांगर आपोआप किंचित वर येतो. म्हणून तर जेमतेम टनभर वजनाचा हा ट्रॅक्टर त्याच्यापेक्षा कितीतरी जड धुडांच्या तोडीची नांगरट करायचा. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून असे पाच लाखांच्या वर ट्रॅक्टर बाहेर पडले, आणि एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तोही याच ट्रॅक्टरवर, चाकांवर पट्टे चढवून. आज जवळपास कुठलाही ट्रॅक्टर घ्या, मागे तेच थ्री पॉइंट लिंकेज दिसेल.

त्यामुळे मॉडेलमध्ये खालचे दोन्ही आर्म, म्हणजे खालच्या दांड्या, सुटे आणि वरखाली होणारे हवेत, टॉप लिंक वेगळा भाग म्हणून दिसायला हवी, आणि उजव्या बाजूच्या लिफ्ट रॉडवर (खालचा आर्म उचलणाऱ्या उभ्या दांडीवर) नांगराची पातळी जुळवायचं एक छोटंसं फिरवायचं हँडल असतं ते केलेलं असेल तर समजा की बनवणाऱ्याने खरा ट्रॅक्टर नीट बघितलाय. हे सगळं अॅक्सलला चिकटवलेला एक गोळा करून टाकलेलं असेल तर पुढून कितीही चकाचक असू दे, सोडून द्या. १:१६ यासाठीच म्हणतोय. खरा ट्रॅक्टर साधारण २.९ मीटर लांब, म्हणजे १:१६ मध्ये १८ सेंमी, १:३२ मध्ये ९ आणि १:४३ मध्ये ७ च्या आतबाहेर. ९ सेंमीत लिंकेज दाखवता येतं पण हाताने हलवायला भीती वाटते. युनिव्हर्सल हॉबीज या कंपनीचं १:१६ मधलं टीईए-२० (टीई-२० चाच एक प्रकार) शोधून बघा, सुरुवातीला तेच सुचवेन.

रंगाचं एक लक्षात ठेवा, टीई-२० इंजिनापासून चाकांपर्यंत सगळा राखाडी. लाल रंग आला १९५७ च्या शेवटी, मॅसी फर्ग्युसन ३५ बरोबर, आणि मधल्या एफई-३५ ला राखाडी पत्र्याखाली सोनेरी इंजिन होतं. विकणारे या सगळ्यांनाच 'जुना फर्ग्युसन' म्हणून मोकळे होतात, म्हणून नाव वाचून नाही तर फोटो बघून ठरवा.

आता जुनं प्लॅस्टिकचं. तुम्ही बघितलंय ते बहुतेक एअरफिक्स या ब्रिटिश मॉडेल कंपनीचं असावं, आणि तसं असेल तर तो मोठा ऐवज आहे यात वाद नाही. १९४९ मध्ये फर्ग्युसनच्या विक्री प्रतिनिधींना देण्यासाठी एअरफिक्सने हे मॉडेल बनवलं, आधी हाताने जोडून देत होते, मग खर्च कमी करायला सुट्या भागांचं किट करून वूलवर्थ्सच्या दुकानांत विकलं, आणि एअरफिक्सच्या किटची सुरुवात तिथून झाली असं मानतात. पण सुरुवातीची मॉडेल्स सेल्युलोज अॅसिटेटची आहेत आणि हे प्लॅस्टिक वयाबरोबर आकसतं, वाकतं. मडगार्डची कड सरळ रेषेत आहे का बघा, टेबलावर ठेवून चारही चाकं टेकतात का त्याचा फोटो मागा, आणि विकणाऱ्याला स्पष्ट विचारा की व्हिनेगरसारखा वास येतोय का. वास येत असेल तर प्लॅस्टिक आतून सडायला लागलंय, ते थांबवता येत नाही, आणि ती वाफ शेजारच्या मॉडेल्सनाही बाधते. गरम पाण्यात घालून वाकलेला भाग सरळ करायचा सल्ला कुणी दिला तर कृपया ऐकू नका, एवढ्या जुन्या वस्तूवर असे प्रयोग करायचे नसतात. आणि रंगाचे टवके गेलेले असले तरी परत रंगवू नका, मूळ रंगातलं खरवडलेलं मॉडेल संग्राहकाला नव्या रंगातल्यापेक्षा जास्त हवं असतं.

ठेवायचं कसं हे तुम्ही विचारलं नाहीये तरी सांगतो, कारण लोक हौसेने हवाबंद डबे आणतात. अॅसिटेटला हवा खेळती लागते, थंड कोरडी जागा आणि ऊन अजिबात नको. डायकास्टचे मऊ टायर एकाच जागी वर्षानुवर्षं दाबून राहिले की ज्या प्लॅस्टिकवर टेकलेत त्याला चिकटतात, म्हणून डिस्प्ले केसच्या तळाशी जाड कागद घाला किंवा अॅक्सलखाली ठोकळा देऊन चाकं थोडी अधांतरी ठेवा. आणि पुढेमागे जमलं तर त्याच स्केलचा दोन फाळांचा नांगर मिळवा, पण घेताना त्याच्या पिना तुमच्या मॉडेलच्या आर्ममध्ये बसतात का ते विचारून घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतीलच असं नाही.