उट्रेख्तला राहायला जायचंय, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवऱ्याला नेदरलँड्समधल्या उट्रेख्तमध्ये नोकरी मिळाली आहे, तीन महिन्यांत निघायचंय, मुलगी सहा वर्षांची आहे, घर, शाळा, कागदपत्रं यांत आधी काय करावं, आणि त्यापेक्षा सरळ ऍम्स्टरडॅमलाच राहावं का?

ऍम्स्टरडॅमचं आधी मिटवून टाकू. उट्रेख्तहून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत ऍम्स्टरडॅम येतं, स्खिपोल विमानतळही साधारण तेवढाच. देशातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन इथलंच आहे, कारण कुठूनही कुठेही जाताना गाडी इथून जाते. नोकरी उट्रेख्तमध्ये असताना ऍम्स्टरडॅमचं भाडं कशाला भरायचं? अर्थात इथलं भाडंही काही कमी नाही.

आम्ही पुण्याहून 2018 मध्ये आलो, तेव्हा मुलगा पाच वर्षांचा होता. तेव्हा मला कुणी एकच गोष्ट सांगायला हवी होती: इथे सगळं पत्त्यावर अडतं. नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तमध्ये, पत्ता नोंदवला की बीएसएन नावाचा नंबर मिळतो. त्यावर पगार, बँक, आरोग्य विमा, मुलीची शाळा, आणि ज्याच्याशिवाय कुठलंही सरकारी संकेतस्थळ उघडत नाही ते डिगिडी नावाचं लॉगिन. चार महिन्यांपेक्षा जास्त राहणार असाल तर आल्यापासून पाच दिवसांत नोंदणी करायची असते. पण अपॉइंटमेंट लगेच मिळेलच असं नाही, ती भारतातूनच मागून ठेवा.

आणि आता ठेच. आम्ही पहिले दोन महिने एका फर्निचरसकट फ्लॅटमध्ये राहिलो. मालक गोड बोलायचा. खेमेन्तमध्ये जायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "या पत्त्यावर नोंदणी नाही करता येणार." भाडं आगाऊ दिलेलं होतं, त्यामुळे भांडायलाही तोंड उरलं नव्हतं. म्हणून घर बघताना खोल्या किती, ऊन कुठून येतं, हे सगळं नंतर, "इथे नोंदणी करता येईल का?" हा पहिला प्रश्न. उत्तर लेखी घ्या. कंपनी सुरुवातीचं घर देत असेल तर त्यांनाही हेच विचारा.

फुंडा आणि पारारियस या दोन साइट्सवर आत्तापासून नजर ठेवा, म्हणजे बाजाराचा अंदाज येईल. पण न बघता पैसे पाठवू नका. "मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो" म्हणणारा हमखास फसवणारा. अनामत मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही, हा जुलै 2023 पासूनचा कायदा आहे. मालकाच्या वतीने काम करणारा एजंट तुमच्याकडून दलाली घेऊ शकत नाही. सरकारी स्वस्त घरांचा विचार सोडा, रांग दहा वर्षांहून मोठी आहे.

जाहिरातीत 'काल' हा शब्द दिसला तर थांबा. त्याचा अर्थ उघडं घर. आम्ही लाइडशे राइन या शहराच्या नव्या भागात असं एक बघितलं. मोठ्या खिडक्या, समोर कालवा, मी मनात पडदेसुद्धा लावून टाकले. खाली बघितलं तर जमीनच नव्हती, नुसतं सिमेंट. आधीच्या भाडेकरूने लाकडी फ्लोअरिंग स्वतःच्या पैशांनी घातलं होतं, जाताना ते उचलून घेऊन गेला. छतातून वायरी लोंबत होत्या, दिवेही त्यानेच नेले. एजंटला यात काहीच विशेष वाटलं नाही. तुम्हाला 'खेस्टोफेर्ट' हवं, म्हणजे निदान फ्लोअरिंग आणि पडदे असतात.

कुठे राहायचं म्हणाल, तर मुलं असलेली बरीच भारतीय कुटुंबं लाइडशे राइनकडे वळतात: नवी घरं, मोकळी जागा. शहरात परवडलं नाही तर नीउवेखाइनला ट्राम जाते आणि हाउटनला ट्रेन. माझा जीव मात्र लोम्बोकवर. स्टेशनच्या मागचा जुना भाग, रस्त्यांना इंडोनेशियातल्या बेटांची नावं, आणि कनालस्ट्राटवर तुर्की, मोरोक्कन दुकानांची रांग. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीच्या चार काड्या प्लॅस्टिकच्या कुंडीत मिळतात; इथे जुडी मिळते, आपल्या मंडईतल्यासारखी. तुर्की दुकानात 'इर्मिक' लिहिलेलं पाकीट म्हणजे रवा. पहिल्या महिन्यात त्याचा शिरा केला आणि मुलगा दोन वाट्या खाऊन गेला. सुरीनाम या दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून आलेल्या हिंदुस्तानी लोकांकडे 'रोटी' मागितली की पोळीबरोबर बटाटा, चिकन आणि चवळीच्या लांब शेंगांची भाजी येते. 1873 पासून भारतातून सुरीनामला नेलेल्या मजुरांचे हे वंशज.

कागदपत्रांचं तिघांनाही लागू आहे. जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांतला काढा, आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. आपल्या पिढीच्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना कित्येकदा कोराच असतो. माझा तसाच होता. गावच्या नगरपरिषदेत नाव चढवून घ्यायला पाच आठवडे गेले. आजच कपाट उघडून बघा. आणि पासपोर्टात तुमच्या नावापुढे नवऱ्याचं नाव असेल तर दवाखान्यात तुम्हाला त्या नावानेही हाक मारतील. मी आता 'ओ' देते.

नवऱ्याचा व्हिसा 'केनिसमिग्रंट'चा, म्हणजे उच्चकुशल कर्मचाऱ्याचा, असेल तर तुम्हाला वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते. पगाराचा तीस टक्क्यांपर्यंतचा भाग (2027 पासून सत्तावीस) करमुक्त करणारी सवलत कंपनीबरोबर मिळून मागायची असते, आणि चार महिन्यांच्या आत मागितली तरच पहिल्या दिवसापासून मिळते. ती मिळाली तर भारतीय लायसन परीक्षा न देता बदलून मिळतं. इथल्या ड्रायव्हिंग क्लासच्या फिया ऐकल्यावर हे लक्षात राहील.

आरोग्य विमाही चार महिन्यांत घ्यावाच लागतो. उशिरा घेऊन हप्ते वाचत नाहीत, मागचे सगळे वसूल करतात. मुलीचा हप्ता नसतो. फॅमिली डॉक्टर म्हणजे 'हाउसआर्त्स' मात्र लगेच शोधा, बरेच जण नवे पेशंट घेत नाहीत. सर्दीतापाला पॅरासिटामॉल घ्या आणि झोपा, एवढंच सांगतील. पहिल्या वर्षी मला याचा फार राग यायचा.

शाळेची काळजी तुम्ही करताय त्यापेक्षा कमी करा. डच न येणारी मुलं आधी साधारण वर्षभर भाषेच्या वर्गात जातात. आमचा मुलगा सहा महिने गप्प होता, मग एकदम बोलायला लागला, आता माझे उच्चार सुधारतो. डब्याचं मात्र अवघड जाईल: बाकीची मुलं ब्रेडवर लोणी आणि चॉकलेटचे दाणे घालून खातात, आणि पोळी-भाजीचा वास आला की सगळी वळून बघतात.

सायकल पहिल्या आठवड्यात घ्या, जुनी घ्या, कुलूप चांगलं घ्या. स्टेशनखाली साडेबारा हजार सायकलींची तीन मजली पार्किंग आहे, पहिले चोवीस तास फुकट. कुठे लावली त्याचा फोटो काढायचा. मी काढला नव्हता. चाळीस मिनिटं शोधत होते.

डोम या जुन्या चर्चचा बुरुज, 112 मीटर, शहरात कुठूनही दिसतो. आम्ही आल्यावर 2019 मध्ये त्याला परांची बांधली, ती 2024 मध्ये निघाली. मुलाला वाटायचं तो तसाच बांधलाय.

आणि हो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला धोक्याचा भोंगा वाजला तर घाबरू नका, ती चाचणी असते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी घरी एकटीच होते. पायात चप्पल नाही, दाखल्यांची फाइल आणि तिघांचे पासपोर्ट छातीशी धरून मी तो उभा जिना उतरून रस्त्यावर आले, तर समोरची आजी शांतपणे खिडकी पुसत होती.