थायरॉईड, थकवा आणि गच्चीवरची उन्हाळी भाजी

ताई, तुम्ही लिहिलंय की मागच्या वर्षी हाशिमोटोचं (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते तो आजार) निदान झालं, संक्रांतीच्या सुमाराला गोळी 50 वरून 75 मायक्रोग्रॅमवर गेली, तरीही दोन कुंड्या भरल्या की दुपारभर आडवं व्हावं लागतं. पहाटे हातांना मुंग्या येतात. पाडव्यापर्यंत गच्चीवर वीसेक कुंड्यांत भेंडी, दोडका, काकडी लावायची हौस आहे आणि सासूबाई म्हणतात, "यंदा राहू दे, आणि कोबी-मुळा तर लावूच नकोस."

मीही हायपोथायरॉईडवाली, म्हणजे थायरॉईड कमी काम करणारी, बरीच वर्षं पुण्यात गच्चीवर भाजी लावतेय. माझं म्हणणं असं की यंदा राहू देऊ नका, पण वीस कुंड्याही नकोत. बागेचा आकार चांगल्या दिवसावरून ठरवला की पंचाईत होते. ज्या दिवशी जिना चढायचंही जिवावर येतं, त्या दिवशी जेवढ्या कुंड्यांना पाणी घालून होईल, तेवढीच आपली बाग. कुंडी एकदाच भरायची असते. पाणी एप्रिल-मेमध्ये रोज, कधी दोनदा. सहा-सात मोठ्या कुंड्या किंवा ग्रो बॅगा (झाडं लावायच्या पिशव्या) पुरे. लहान कुंड्यांची रांग तर अजिबात नको, त्या दुपारपर्यंत कोरड्या पडतात.

आता गोळीचं बघू. गोळीतल्या औषधाची, लेव्होथायरॉक्सिनची, रक्तातली पातळी हळूहळू बसते, त्याला पाच-सहा आठवडे जातात. म्हणूनच डोस बदलला की डॉक्टर टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) साधारण 6 ते 8 आठवड्यांनी बघतात. संक्रांतीला वाढलेल्या डोसचा खरा हिशोब तुम्हाला मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात कळेल. तेव्हा फेब्रुवारीतल्या थकव्यावरून "आपल्याकडून आता काही होणार नाही" असं ठरवू नका. थंडीत भेंडीचं बी रुसून बसतं, नुसतंच कुजतं. रात्रीचा गारवा मोडेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी संपता संपता पेरलं तरी काही बिघडत नाही. पेरल्यापासून 45 ते 50 दिवसांत भेंडी तोडायला येते.

टीएसएच करालच, तेव्हा डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, बी-12 आणि डी जीवनसत्त्वही बघून घ्या. आपल्याकडे बायकांचा सगळा थकवा एकदा थायरॉईडच्या खात्यावर टाकला की बाकीचं कुणी बघतच नाही. लोह किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती थायरॉईडच्या गोळीनंतर चार तासांनी. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगा, त्याने रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. सहसा दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात.

सकाळी उपाशीपोटी गोळी घेतल्यावर चहासाठी अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं ना, तोच माझा गच्चीचा वेळ. त्या वेळात फक्त हलकी कामं करते: पानांखाली मावा कीड आहे का बघणं, वेलाला सुतळी बांधणं, वाळकी पानं काढणं. जड काम नाश्त्यानंतर, तेही एका दिवशी एकच. आज कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) भिजवलं तर कुंडी उद्या भरायची.

जड कामातलं निम्मं तर मुळात करायचंच नाही. जुन्या कुंड्या उपड्या करून माती वाळवायची, चाळायची, परत भरायची, असं सगळे सांगतात. तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका. जुनं झाड बुडाशी कापा, मुळं आत कुजू द्या, वरची तीन-चार बोटं माती खुरप्याने मोकळी करा, दोन-तीन ओंजळी गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळा, वर वाळका पाला पसरा आणि आठवडाभर नुसतं पाणी शिंपडा. मातीत रोग असेल, म्हणजे मुळांवर गाठी दिसल्या किंवा मागचं झाड अचानक मान टाकून गेलं असेल, तरच ती माती बदला.

नवीन ग्रो बॅग भरायची तर आधी रिकामी जागेवर ठेवा आणि तिथेच भरा. 20 लिटरची बादली ओल्या मातीने भरली की 30 किलोच्या आसपास जाते. ती भरून सरकवणं हे आपलं काम नव्हे. खालच्या निम्म्या भागात वाळका पालापाचोळा दाबून भरा. वरच्या भागात माती, शेणखत आणि कोकोपीट सारखं सारखं. घमेलं उचलायचं नाही, प्लास्टिकच्या जुन्या डब्याने थोडं थोडं घालायचं. कोकोपीटची 5 किलोची वीट स्वस्त पडते खरी, पण भिजली की 70 लिटरच्या घरात फुगते आणि मग ती टबातून उपसत बसा. साडेसहाशे ग्रॅमच्या विटा घ्या. एक वीट बादलीत तीन-चार लिटर पाण्यात टाकून द्या, तासाभराने भुगा तयार. तो हातांनी पिळू नका, मनगटांचं वाटोळं होतं. भोकं पाडलेल्या बादलीत निथळत ठेवा.

आता हातांना येणाऱ्या मुंग्यांबद्दल. हायपोथायरॉईडमध्ये मनगटातली नस दबून असं होतं, डोस नीट बसला की बऱ्याच जणींचं कमी होतं. पण डॉक्टरांना सांगितलंय का? अंगठ्याची पकड सुटत असेल, हातातून वस्तू पडत असतील तर थांबू नका. तोवर खुरप्याच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब कापून गच्च गुंडाळा. मूठ जाड झाली की पकडायला जोर कमी लागतो. खाली उकिडवं बसण्यापेक्षा कुंड्या विटांवर किंवा जुन्या बाकावर चढवा आणि स्टुलावर बसून काम करा.

पाण्यासाठी बादल्या वाहायच्या नाहीत. गच्चीवर नळ असेल तर पाइप, आणि जमलं तर ठिबकच्या बारीक नळ्या व नळाला टायमर. सगळ्या खर्चात हा एक खर्च मी डोळे मिटून करायला सांगेन. मार्चच्या मध्यापासून हिरवी शेडनेट, 50 टक्के ऊन अडवणारी. ती बांधायला माणूस बोलवा, शिडीवर स्वतः चढू नका.

लावायचं काय? भेंडी, गवार, लाल माठ, एक दोडका, एक काकडी. माठ महिनाभरात ताटात येतो आणि हुरूप टिकतो. दुधी यंदा नको, त्याला मोठी कुंडी आणि भक्कम मांडव लागतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवा आणि थेट कुंडीत टोका, रोपं करून हलवायच्या भानगडीत पडू नका. जीवामृत घालणार असाल तर 10 लिटर पाण्याला अर्धा किलो शेण, अर्धा लिटर गोमूत्र, 100 ग्रॅम गूळ, 100 ग्रॅम बेसन आणि चिमूटभर माती; पण ते रोज ढवळायला कुणी नसेल तर गांडूळखतावर भागतं. समुद्री शेवाळाचं द्रावण झाडांना खुशाल घाला. त्याच शेवाळाच्या कॅप्सूल "थायरॉईडसाठी चांगल्या" म्हणून कुणी दिल्या तर मात्र घेऊ नका. जादा आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो.

एक लक्ष ठेवा. उन्हात काम करताना छातीत धडधड, हात कापणं, नेहमीपेक्षा जास्त घाम असं होऊ लागलं तर नुसतं ऊन लागलं म्हणून सरबत पिऊन गप्प बसू नका. डोस जास्त झाला तरी हेच होतं. टीएसएच करून घ्या, गोळी मनाने कमी-जास्त करू नका. आणि गोळ्यांची बाटली उन्हात तापणाऱ्या खिडकीत किंवा गॅसच्या शेजारी ठेवू नका.

कोबी-मुळ्याने थायरॉईड बिघडतं असं म्हणतात, पण शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खायला सहसा हरकत नसते. तसेही कोबी-फ्लॉवर थंडीतले, आता त्यांचा हंगाम सरलाय, तेव्हा त्यावरून घरात वाद घालायचं कारण नाही. सासूबाईंना बी टोकायला बसवा. आणि त्यांच्याकडे दोडक्याचं घरचं बी असेल तर विकतच्या पाकिटाआधी ते मागून घ्या.