तानापिहिनिपाजा मधला 'पा' पांढरा नाही, पारवा!

प्रश्न असा आलाय की मुलीला शाळेत इंद्रधनुष्याचे रंग पाठ करायचेत, घरातले अर्धे लोक 'पा' म्हणजे पांढरा म्हणतायत, पुस्तकात पारवा छापलंय, पण पारवा म्हणजे तर राखाडी ना, मग तो इंद्रधनुष्यात कुठून आला आणि निळा व जांभळा यांच्यामधल्या इंडिगोला हाच शब्द बरोबर आहे का. शिवाय अल्ट्राव्हायोलेटला एका पुस्तकात अतिनील किरण आणि दुसऱ्यात जंबुपार किरण असं का, हेही विचारलंय.

पांढऱ्याचं आधी संपवतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. क्विझ घेणारे म्हणतात, दर पावसाळ्यात फिरणारे फॉरवर्ड म्हणतात, शिकलेसवरलेले पालक म्हणतात. अहो, पांढरा हा वर्णपटातला रंग असूच शकत नाही. सगळे रंग एकदम डोळ्यात शिरले की जे दिसतं ते पांढरं, त्याला स्वतःची अशी एक तरंगलांबी नाही. न्यूटनने लोलकातून फोडला तो पांढराच प्रकाश होता, मग फोडून निघालेल्या सात तुकड्यांत परत अख्खा पांढरा कसा निघेल?

तांबडा तांब्यावरून, नारिंगी नारिंगावरून, जांभळा जांभळावरून, यात सांगण्यासारखं काही नाही, पुढे जाऊ. पारवा हा पारवा नावाच्या पक्ष्यावरून, म्हणजे ज्याला आता शहरात सगळे सरसकट कबुतर म्हणतात आणि गावाकडे जो जुन्या विहिरींच्या कपारीत घरटी करतो तो. संस्कृतात पारावत, प्राकृतात पारावअ किंवा पारेवअ, तिथून आपला पारवा, गुजरातीत पारेवुं, हिंदीत परेवा. काही जण छातीठोकपणे सांगतात की पारवा हा पाऱ्यावरून आला, पारा चकचकीत करडा म्हणून. साफ चूक. पारा आला पारद वरून, त्या 'द'चा 'वा' होत नाही, आणि गुजराती पारेवुं, हिंदी परेवा हे तर सरळ पक्षीच आहेत, त्यांच्यात पारा कुठून ओतणार? दोन शब्दांची सुरुवात सारखी दिसली की लावलं नातं, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, पारावताच्या शेजारीच कपोत हा शब्द दिलाय, अर्थ तोच. या कपोताचा इराणी भाऊबंद म्हणजे फारसी कबूतर, आणि त्याच फारसीत कबूद म्हणजे निळा, निळसर करडा. आणखी मागे जा. इराणचा सम्राट पहिला दारियुश, इसवी सनापूर्वी ५२२ ते ४८६, याने सुसाला राजवाडा बांधला आणि कुठला माल कुठून आणला ते शिलालेखात नोंदवून ठेवलं. त्यात मध्य आशियातल्या सोग्दियातून आणलेल्या एका मौल्यवान दगडाचं नाव येतं, त्याला लावलेलं विशेषण आहे कपौतक. तो दगड म्हणजे लाजवर्द, ज्याची पूड करून पुढे चित्रकारांनी सगळ्यात महागडा निळा रंग बनवला तो. गर्द निळा, राखाडीचा लवलेश नाही. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वी 'कपोती' म्हटलं की माणसांच्या डोळ्यासमोर असा गर्द निळा येत होता! आधी पक्ष्याचं नाव की आधी रंगाचं यावर भाषाशास्त्रज्ञ भांडोत, माझं मत ठाम आहे की रंग आधी आणि पक्ष्याला नाव त्या रंगावरून पडलं.

आपल्याकडचा पुरावा तर याहून सुंदर आहे. जैन तत्त्वज्ञानात सहा लेश्या सांगितल्यात, आत्म्याच्या भावांना दिलेले रंगच म्हणा: कृष्ण, नील, कापोत, तेज (हिलाच काही ठिकाणी पीत म्हणतात), पद्म, शुक्ल. क्रम बघा. नील आणि त्याला चिकटून कापोत. निळा आणि त्याला चिकटून पारवा! माझा अंदाज असा आहे की इंग्रजी शास्त्र मराठीत आणताना इंडिगोपाशी जो कोणी अडला त्याच्या कानात हा क्रम होता. कागदोपत्री पुरावा नाही, पण विचार करा, इंडिगो हा शब्द मुळात ग्रीक इंडिकॉन, म्हणजे 'हिंदुस्थानातलं', आपली नीळच ती. आता नीळेशी नातं सांगणारा निळा हा शब्द ब्लू साठी आधीच खर्ची पडलेला, मग खुद्द नीळेच्या रंगाला मराठीत नाव काय द्यायचं? दुसरा कोणी असता तर 'गडद निळा' लिहून मोकळा झाला असता. याने पारवा निवडला, आणि त्या निवडीबद्दल मला त्या अनामिक माणसाचा फार आदर वाटतो.

राखाडीची शंका रास्त आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. वर्णपटात राखाडी नसतोच. पण कठड्यावर बसलेला पारवा एकदा उन्हात नीट बघा, अंग निळसर करडं, पंखावर दोन काळे पट्टे, आणि मानेवर हिरवी-जांभळी झाक, जी मान वळवली की हिरव्याची जांभळी होते. ती झाक रंगद्रव्याची नाही, पिसांच्या बारीक तंतूंवरच्या पातळ थरामुळे होणारं प्रकाशाचं व्यतिकरण आहे ते, म्हणजे प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून होणारा खेळ. शब्द मात्र मानेवरून नाही, अंगाच्या रंगावरून पडलाय. इंग्रजीत पक्षीनिरीक्षक याच पक्ष्याला ब्लू रॉक पिजन म्हणायचे, ग्रे नाही. म्हणजे त्या करड्यात जी निळ्याची जात आहे ती सगळ्यांनाच दिसते, त्यातलं करडेपण बाजूला काढून उरलेली छटा गडद केली की आपण इंडिगोच्या शेजारी जाऊन पोचतो, साधारण ४२० ते ४५० नॅनोमीटर.

आता जे म्हणतात की पारवा काढूनच टाका, सहाच रंग शिकवा, त्यांच्याशी माझं भांडण आहे. डोळ्याला इंडिगो वेगळा दिसत नाही हे खरं, न्यूटनने स्वतः १६७२ च्या पत्रात मूळ रंग म्हणून आधी तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा हे पाच घेतले आणि नारिंगी व इंडिगो त्यांच्या जोडीला मागून लावले. पुढे ऑप्टिक्स या ग्रंथात, १७०४ साली, त्याने पट्ट्याची वाटणी सप्तकातल्या स्वरांच्या हिशोबाने केली आणि नारिंगी, इंडिगो या दोघांना अर्ध्या स्वराएवढी अरुंद जागा दिली. रंगांच्या सीमा आखायला तर ज्याची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण आहे असा मदतनीस घेतला होता, हे त्यानेच लिहून ठेवलंय. तर वाटणी माणसाची आहे, निसर्गाची नाही, मान्य, पण मग काढायचाच तर नारिंगीही काढा ना, पारव्यावरच राग का? तानापिहिनिपाजा मधून पा काढला तर रोजच्या बोलण्यातून आधीच उठून चाललेला एक अस्सल मराठी शब्द कायमचा जाईल, चिंतामणी आणि आमसुली हे साड्यांचे रंग आता किती जणांना ओळखता येतात ते विचारून बघा.

हिंदीवाल्यांचं बघून गोंधळू नका, त्यांच्या बैजानीहपीनाला मध्ये जामुनी हा इंडिगो आहे आणि व्हायोलेटला ते बैंगनी म्हणतात, आपल्याकडे जांभूळ एक घर पलीकडे सरकलंय. आणि पर्पल सुद्धा आपण जांभळाच म्हणतो पण पर्पल वर्णपटात नाही, तो तांबडा आणि निळा मिसळून होतो, हा विषय मोठा आहे.

राहिलं अतिनील आणि जंबुपार. शाळेच्या पुस्तकांत अतिनील रुळलाय, मराठी विश्वकोशाने जंबुपार घेतलाय, आणि विश्वकोश बरोबर आहे. १८०१ साली रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने प्रकाशात काळं पडणारं सिल्व्हर क्लोराइड वर्णपटाच्या वेगवेगळ्या भागांत ठेवून बघितलं तर ते सगळ्यात जास्त काळं पडलं जांभळ्याच्याही बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं तिथे. जंबू म्हणजे जांभूळ, त्याच्या पार ते जंबुपार. अतिनील म्हणजे निळ्याच्या पलीकडे, आणि निळ्याच्या पलीकडे तर आधी पारवा बसलाय, मग जांभळा, ते दोघे गेले कुठे? मुलीला मात्र पेपरात पुस्तकात आहे तेच लिहू दे, मार्क जायला नकोत, आणि पा पुढे पारवाच.