'आय वर्क'नंतर काय लावायचं: इन, ॲट, फॉर की विथ?

प्रश्न असा आहे: आपण कुठे नोकरी करतो हे इंग्रजीत सांगताना कंपनीच्या नावाआधी 'इन' लावायचं, 'ॲट', 'फॉर' की 'विथ'? चारही कानावर पडतात, मग चारही बरोबर का?

पटकन हवं असेल तर कंपनीच्या नावाआधी 'फॉर' किंवा 'ॲट' लावा. 'इन' टाळा. 'विथ' कधी चालतं आणि कधी घोटाळा करतं, ते पुढे येईलच.

गोंधळाचं मूळ आपल्या सप्तमीच्या 'त'मध्ये आहे. कंपनीत, बँकेत, विमा क्षेत्रात, लेखा विभागात, या सगळ्यांना मराठीत एकच 'त' पुरतो. इंग्रजीत मात्र पुढचं नाम नेमकं कोण आहे ते आधी ठरवावं लागतं: पगार देणारा मालक, कामाचं ठिकाण, व्यवसायाचं क्षेत्र, की आपलं पद? हे एकदा ठरलं की अव्यय आपोआप ठरतं.

मालक असेल तर 'फॉर'. 'हू डू यू वर्क फॉर?' या प्रश्नाचा अर्थच 'तुमचा मालक कोण?' ठिकाण असेल तर 'ॲट'. बहुतेकांचा मालक आणि ठिकाण एकच असतं, म्हणून दोन्ही चालतात आणि फरक जाणवत नाही. तो जाणवतो मालक आणि ठिकाण वेगळे झाले की. बँकेच्या दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक एजन्सीच्या पगारावर असेल, तर 'ही वर्क्स ॲट द बँक' हे खरं आणि 'ही वर्क्स फॉर द बँक' हे चूक. तो 'फॉर द एजन्सी' काम करतो. ग्राहकाच्या कार्यालयात बसून काम करणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही हाच नियम. 'शी वर्क्स फॉर अ सॉफ्टवेअर कंपनी, सिट्स ॲट द क्लायंट्स ऑफिस अँड वर्क्स ऑन देअर बिलिंग सिस्टीम.' मालकाला फॉर, जागेला ॲट, हातातल्या कामाला ऑन. या तिघांची अदलाबदल केली तर वाक्याचा अर्थच बदलतो.

'इन' पूर्ण वर्ज्य आहे असं मात्र नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. 'आय वर्क इन अ बँक' हे अगदी शुद्ध आहे. बँक, शाळा, कारखाना, दुकान ही सामान्यनामं आली की डोळ्यासमोर एक प्रकारची वास्तू येते आणि आपण तिच्या आत काम करतो. पण त्याच बँकेचं विशेषनाम घेतलंत की ती वास्तू राहत नाही, संस्था होते. तिथे 'इन' खटकतं. 'ॲट' किंवा 'फॉर' लागतं. याशिवाय 'इन'च्या हक्काच्या तीन जागा आहेत: क्षेत्र, म्हणजे 'इन बँकिंग', 'इन इन्शुरन्स', विभाग, म्हणजे 'इन अकाउंट्स', 'इन द सेल्स डिपार्टमेंट', आणि शहर किंवा देश. सगळं एकत्र आलं तर वाक्य असं होतं: 'आय वर्क इन द अकाउंट्स डिपार्टमेंट ॲट' आणि पुढे कंपनीचं नाव. शेत, जहाज, बांधकामाची जागा यांना मात्र 'ऑन': 'ऑन अ फार्म', 'ऑन अ शिप', 'ऑन अ कन्स्ट्रक्शन साइट'.

आता 'विथ'. 'आय वर्क विथ' म्हणून कंपनीचं नाव घेतलं, तर ऐकणाऱ्याला तुम्ही तिचे सल्लागार, पुरवठादार किंवा भागीदार वाटू शकता. भारतीय इंग्रजीत ते नोकरीच्या अर्थाने सर्रास वापरतात आणि समजतंही, पण अर्जात किंवा परदेशी माणसाशी बोलताना हा धोका कशाला घ्यायचा? मात्र क्रियापद बदललं की तेच 'विथ' निर्दोष ठरतं: 'आय हॅव बीन विथ द कंपनी फॉर टेन इयर्स', 'अ जॉब विथ अ लॉ फर्म'. सहकारी, ज्यांच्यासाठी काम करतो ती माणसं आणि साधनं यांच्याबरोबर तर 'वर्क विथ' हवंच: 'विथ चिल्ड्रन', 'विथ स्प्रेडशीट्स'. वरिष्ठांसाठी 'वर्क अंडर' बरोबर आहे, पण त्यात हाताखाली असल्याचा सूर येतो. कोणाला उत्तरदायी आहात एवढंच सांगायचं असेल तर 'रिपोर्ट टू' उत्तम.

पद सांगताना 'ॲज', आणि त्यानंतरचं 'अ' किंवा 'ॲन' विसरू नका: 'शी वर्क्स ॲज ॲन अकाउंटंट'. इथे 'लाइक' घातलं तर 'म्हणून'चं 'सारखं' होतं: 'ही वर्क्स लाइक अ मॅनेजर' म्हणजे तो मॅनेजर नाही, काम मात्र मॅनेजरसारखं करतो.

नोकरी धरण्या-सोडण्याच्या क्रियापदांत मराठी विभक्ती शब्दशः उतरते आणि वाक्य बिघडतं. आपण कंपनीत अर्ज करतो, इंग्रजीत कंपनीकडे, पदासाठी: 'शी अप्लाइड टू द कंपनी फॉर द पोस्ट ऑफ क्लार्क'. आपण कंपनीत रुजू होतो, पण 'जॉइन'ला अव्यय लागतच नाही: 'आय जॉइन्ड द कंपनी इन २०१९', 'जॉइन्ड इन द कंपनी' चूक. 'लीव्ह'चंही तसंच, 'लेफ्ट द कंपनी'. 'रिझाइन' आणि 'रिटायर' यांना मात्र 'फ्रॉम' हवं. बढती मिळाली तर 'प्रमोटेड टू मॅनेजर', 'ॲज' नाही. नेमणूक झाली तर 'अपॉइंटेड ॲज मॅनेजर' किंवा नुसतं 'अपॉइंटेड मॅनेजर', दोन्ही चालतं.

किती काळ नोकरी करता हे सांगताना आपलं 'पासून' दगा देतं. '२०१९ पासून' आणि 'पाच वर्षांपासून' यांत आपल्याला फरक वाटत नाही. इंग्रजीत सुरुवातीच्या बिंदूला 'सिन्स', कालावधीला 'फॉर'. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स' या वाक्यात दोन चुका आहेत: अव्ययाची आणि काळाची. हवं ते असं: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स'. अनुभव क्षेत्रातला असेल तर 'एक्स्पीरिअन्स इन', साधनाचा असेल तर 'एक्स्पीरिअन्स विथ'.

नोकरीतली स्थिती सांगायला बहुधा 'ऑन' लागतं: 'ऑन लीव्ह', 'ऑन ड्यूटी', 'ऑन प्रोबेशन', 'ऑन द पेरोल'. कामावर असण्याला 'ॲट वर्क'. 'ऑन वर्क' असा प्रयोग नाही. एक बारकावा 'द'चा आहे. 'शी इज इन द ऑफिस' म्हणजे ती कार्यालयात आहे. 'शी इज इन ऑफिस' असं म्हटलं तर ती मंत्रिपदासारख्या अधिकारपदावर आहे असा अर्थ होतो. साहेब भेटतील का, असं विचारणाऱ्याला उत्तर देताना हा 'द' गाळू नका.

'टीम'बाबत मतभेद दिसला तर गोंधळू नका. ब्रिटिश लोक 'इन अ टीम' म्हणतात, अमेरिकी 'ऑन अ टीम'. अर्ज ज्या देशात जाणार असेल तिथला प्रयोग घ्या आणि त्या कागदात शेवटपर्यंत तोच ठेवा.